अपघात विभागांतील एक रात्र

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे तें काशी-रामेश्वराचें, निदान महाबळेश्वराचें तरी असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते व ती रास्तहि आहे. परंतु आज ज्या स्थळाविषयीं मी लिहिणार आहें तें माझ्या घरापासून अवघ्या सहा कोसांवर आहे. त्याच्या फाटकावरून मी आयुष्यांत शेंकडों वेळां गेलों असेन. आंत पाऊल टाकण्याचा प्रसंग मात्र वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आला. तें स्थळ म्हणजे रत्नागिरी येथील शासकीय रुग्णालयाचा अपघात विभाग. तेथें मीं एकच रात्र काढली. परंतु त्या रात्रींत माझ्या कांहीं जुन्या समजुतींची जी उलथापालथ झाली ती पूर्वींच्या कोणत्याहि यात्रेंत झाली नव्हती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें खेडें हातखंब्याच्या पलीकडे, मुंबई-गोवें महामार्गापासून थोडें आंत, सड्याच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचें विस्तीर्ण पठार. उन्हाळ्यांत तो काळाठिक्कर पडून तापतो, आणि पावसाच्या चार सरी येतांच हिरवा होतो. त्या कातळाच्या भेगांत, चिऱ्यांच्या राशींत व गडग्यांच्या सांदींत फुरसें राहतें. हा साप जेमतेम हातभर लांब, रंगानें मातीसारखा. डिवचला म्हणजे अंगाचें वेटोळें करून खवल्यांवर खवले घांसतो व करवतीसारखा आवाज काढतो. इंग्रजी अंमलांत या जिल्ह्यांत फुरशीं मारून आणणारांस सरकारांतून इनाम मिळत असे, यावरून त्यांच्या सुळसुळाटाची कल्पना यावी.

मृग लागून चार दिवस झाले होते, परंतु पावसानें दडी मारली होती. आतां कोणत्याहि क्षणीं सर येईल आणि परसांत पडलेलीं माडाचीं चुडतें भिजतील, म्हणून दिवेलागणीच्या सुमारास सौभाग्यवती तीं गोळा करण्यास गेली. मी ओटीवर बसलों होतों. इतक्यांत तिची हांक आली, "अहो, इकडे या, कांहीतरी चावलं!" धांवत जाऊन पाहतों तों उजव्या पायाच्या करंगळीच्या वरच्या अंगास दोन लाल ठिपके. शेजारच्या मुलानें गडग्याखालीं शिरतांना तो प्राणी पाहिला होता. "फुरसं आहे, गुरुजी," तो म्हणाला. घड्याळांत सवासात झाले होते.

यापुढील अर्ध्या तासाचा वृत्तांत लिहितांना मला संकोच वाटतो. परंतु तो न लिहिल्यास लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं. शेजारच्या म्हाताऱ्या मंडळींनीं वरच्या वाडींतील मांत्रिकास बोलावण्याची गोष्ट काढली. मीं त्यांस फटकारलें. चौतीस वर्षें संस्कृत शिकविलेला मनुष्य मी. सर्पदंशावर मंत्र चालतो हें मला मान्य नव्हतें. परंतु सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत दंशाच्या वर चार अंगुळांवर बंध बांधण्यास सांगितलें आहे, हें मला पक्कें आठवत होतें. मीं सुताची दोरी शोधून काढली आणि घोट्याच्या वर अंगांतील सर्व बळ लावून आवळली. एवढ्यावर न थांबतां, पुढचा उपचार चुकूं नये म्हणून कपाटांतून ग्रंथ काढला, चष्मा शोधला आणि दिव्याखालीं पानें चाळीत बसलों. शेजारचा मुलगा दोनदां म्हणाला, "गुरुजी, एकशे आठला फोन करूं का?" मी म्हणालों, "थांब, आधीं शास्त्रोक्त उपाय होऊं दे." अखेर त्या मुलानें मला न विचारतांच फोन केला. तो आज आमच्या घरीं मुलापेक्षां अधिक आहे.

१०८ ही संख्या जपमाळेच्या मण्यांची म्हणून आपणां सर्वांस परिचित आहे. महाराष्ट्रांत त्या क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २०१४ सालीं सुरू झाली. गाडींत नुसता चालक नसून डॉक्टरहि असतो. आमच्या गाडीबरोबर एक तरुण वैद्य मुलगी आली, बी.ए.एम.एस. म्हणजे आयुर्वेदाची पदवीधर. तिनें प्रथम दोरीकडे पाहिलें.

"काका, ही कोणी बांधली?"

"मीं."

"किती वेळ झाला?"

मीं वेळ सांगितली. तिनें पायाच्या पाठीवर बोटें ठेवून नाडी लागते कीं नाहीं तें पाहिलें, हाताच्या शिरेंत सुई घालून सलाईन जोडलें, आणि मगच दोरी हळूहळू सैल केली. घट्ट बंध एकाएकीं सोडल्यास सांचलेलें विष लोंढ्यानें अंगांत पसरण्याचें भय असतें, असें तिनें सांगितलें. मी सुश्रुताचें नांव घेतलें. ती किंचित् हंसली. "कल्पस्थान. आम्हांलाही होतं ते अभ्यासाला. पण काका, फुरशाचं विष मांस नासवतं. आवळून बांधलं की ते एकाच जागी कोंडतं, वर रक्तही पोहोचत नाही. अशानं पाय गेलेले आहेत." तिच्या बोलण्यांत उपहास नव्हता. तिनें पायास पुठ्ठ्याची पट्टी लावून, हाड मोडल्यावर बांधतात तसा तो सैलसर बांधला, आणि सौभाग्यवतीस एक पाऊलहि चालूं न देतां उचलून गाडींत घेतलें. पायांतील जोडवें काढावें असेंहि ती म्हणाली; परंतु सौभाग्यवतीनें मान हलविली.

हातखंबा, खेडशी, कुवारबांव. या रस्त्यानें चाळीस वर्षें मी एस.टी.नें जात-येत आहें. त्या रात्रीं प्रत्येक वळण मोजलें. दोन मैलांवर सौभाग्यवतीच्या पायाची सूज घोट्यापर्यंत आली, आणि सुई टोंचलेल्या जागेंतून रक्त थेंबथेंब झिरपूं लागलें. मला त्याचा अर्थ समजला नाहीं. त्या मुलीस समजला. तिनें पुढें फोन करून कांहीं सांगितलें. नऊ वाजण्यास दहा मिनिटें असतांना आम्ही रुग्णालयाच्या दारांत उतरलों.

अपघात विभाग म्हणजे एक लांबट दालन. दाराशीं चाकांच्या खाटा, आंत हिरवे पडदे, भिंतीवर मोठें घड्याळ, आणि सर्वत्र फिनेलचा वास. केसपेपर काढण्यास मी खिडकीशीं गेलों व खिशांत हात घातला. पैसे नकोत असें कारकुनानें सांगितलें. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर व उपचार निःशुल्क झाले आहेत, हें मला ठाऊक नव्हतें. सर्पदंशाची नोंद पोलिसांकडेहि करावी लागते, तीहि झाली. तेथील मंडळी एकमेकांस नात्यांनीं हांका मारतात. खाट ढकलणारे ते 'मामा', साफसफाई व रोग्यांची उठबस करणाऱ्या त्या 'मावशी', परिचारिका ती 'सिस्टर' आणि पुरुष परिचारक तो 'ब्रदर'. माझ्या आजीच्या काळीं ज्यांस आमच्या माजघरांत प्रवेश मिळाला नसता, त्यांपैकींच कोणी ती मावशी असेल वा नसेल. तिनें सौभाग्यवतीस कुशींत धरून खाटेवर निजविलें, आणि कोणीं कोणाचें आडनांव विचारलें नाहीं.

डॉक्टर तिशीच्या आंतबाहेरचे, बोलण्याची धाटणी मराठवाड्याकडील. त्यांनीं शिरेंतून २ मिलिलिटर रक्त काढून एका कोऱ्या, कोरड्या कांचेच्या नळींत घातलें. ब्रदरनें नळीवर वेळ लिहिली व ती भिंतीजवळच्या लाकडी घोडीवर उभी करून ठेविली. "आतां वीस मिनिटं कुणी हिला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. निरोगी मनुष्याचें रक्त एवढ्या वेळांत नळींत गोठतें. फुरशाचें विष रक्तांतील गोठण्याचें द्रव्यच खर्चून टाकतें. मग तें पाण्यासारखें पातळ राहतें, आणि हिरड्यांतून, लघवींतून, प्रसंगीं मेंदूंतहि स्रवूं लागतें. सर्व उपचाराची दिशा ठरविणारी ही परीक्षा इतक्या साध्या साधनानें होते, याचें मला नवल वाटलें. वीस मिनिटें म्हणजे एक घटकाहि नव्हे. घटका चोवीस मिनिटांची.

त्या वीस मिनिटांतच दार उघडून पांच-सात माणसें एका लहान मुलास हातांवर घेऊन आंत आलीं. मिरकरवाड्याकडील खलाशांचें कुटुंब होतें. मुलगा तापानें फणफणला होता, डोळे वर गेले होते, ओंठ निळे पडले होते, हातपाय झटके देत होते. क्षणांत डॉक्टर, सिस्टर, ब्रदर सर्व तिकडे गेले. आमच्या खाटेशीं कोणीहि उरलें नाहीं. मी उठलों आणि शाळेंतील आवाजांत म्हणालों, "आम्ही आधीं आलों आहोंत!" सिस्टरनें मागें वळूनहि न पाहतां उत्तर दिलें, "काका, इथं नंबर नसतो. ज्याचा श्वास अडला तो पहिला."

मी खालीं बसलों. आयुष्यभर मी क्रमानें जगलों. हजेरीपटांत वर्णानुक्रम, पंगतींत वयाचा क्रम, देवळांत मानाचा क्रम. क्रम मोडला कीं मी छडी उचलीत असें. येथेंहि क्रम होता, परंतु तो माझ्या परिचयाचा नव्हता. पुढें घरीं आल्यावर मीं वाचून पाहिलें. नेपोलियनच्या सैन्यांतील डोमिनिक लारे नांवाच्या शस्त्रवैद्यानें रणांगणावर असा नियम घालून दिला कीं, जखमी मनुष्याचा हुद्दा वा देश न पाहतां केवळ जखमेची तीव्रता पहावी आणि त्या क्रमानें उपचार करावेत. या निवडीस फ्रेंच शब्दावरून 'ट्रायेज' म्हणतात. आमच्या धर्मग्रंथांत समदर्शित्वाचा उपदेश मीं मुलांस पुष्कळ केला. परंतु तें प्रत्यक्ष वर्ततांना कसें दिसतें, हें त्या रात्रीं प्रथम पाहिलें, आणि दिसतांच त्यावर ओरडलों.

मुलाचे झटके थांबले. डॉक्टर परत आले, घड्याळ पाहिलें, आणि नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखें वाहून कडेपर्यंत आलें.

"प्रतिविष सुरू करायला हवं," ते म्हणाले, व एका कागदावर माझी सही घेतली. हें औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात. सापाचें विष अल्प प्रमाणांत घोड्यास पुनःपुन्हां टोंचतात. त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य उत्पन्न होतें, तें वेगळें काढतात. आपल्या देशांतील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सापांवर चालतें. त्यासाठीं लागणारें विष मुख्यत्वें तामिळनाडूंतील इरुळा जमातीची सहकारी संस्था पुरविते. पूर्वीं हे लोक कातड्यांसाठीं साप धरीत. तो व्यापार कायद्यानें बंद झाल्यावर १९७८ सालीं त्यांनीं ही संस्था काढली. विष काढून घेऊन ते साप पुनः रानांत सोडून देतात. दूरदेशींचा एक इरुळा आणि एक मुका घोडा यांच्या ऋणांत आपण केव्हां पडूं, हें कोणास सांगतां येणार?

औषध जोडण्यापूर्वीं सिस्टरनें पायाकडे बोट दाखविलें. सूज बोटांवर चढली होती आणि जोडवें मांसांत रुतलें होतें. "आतां काढायलाच हवं, नाहीतर बोट काळं पडेल." सौभाग्यवतीनें माझ्याकडे पाहिलें. एवढा वेळ तिनें एकदांहि 'दुखतं' असा शब्द उच्चारला नव्हता. "तुम्ही असतांना मी जोडवं काढूं?" एवढेंच ती म्हणाली. तें माझ्या आईनें लग्नांत तिच्या पायांत घातलें होतें. एक्केचाळीस वर्षांत कधीं उतरलें नव्हतें. शास्त्रार्थ सांगण्याचा मला जन्माचा सराव, परंतु त्या वेळीं एकहि वचन सुचलें नाहीं. सिस्टरच म्हणाली, "ताई, एकाच पायातलं. डाव्या पायातलं राहूं द्या, त्याला मी हात लावत नाही." मी सौभाग्यवतीच्या उशाशीं जाऊन तिचा हात धरला आणि म्हणालों, "काढूं दे. मी आहें ना." साबण लावून पाहिलें, तें निघेना. मग ब्रदरनें बारीक कातरीनें तें कापलें. त्याचा वेडावांकडा तुकडा मीं सदऱ्याच्या खिशांत ठेविला.

प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमध्यें मिसळून तासाभरांत द्यावयाच्या होत्या. सिस्टरनें दुसरी एक सुई ॲड्रिनलिन भरून ताटांत तयार ठेविली होती. तिचें प्रयोजन मला पंधराव्या मिनिटास कळलें. सौभाग्यवतीच्या अंगावर गांधी उठल्या, ती थरथरूं लागली, श्वास लागला. मी ओरडणार तोंच सिस्टरनें थेंब बंद केले व ती तयार सुई मांडींत टोंचली. दहा मिनिटांत गांधी ओसरल्या, आणि औषध पुनः हळूहळू सुरू झालें. घोड्याचें द्रव्य कांहींच्या अंगास असें बाधतें, म्हणूनच हें औषध घरीं किंवा वाटेंत कोणीहि सहज देऊं नये. माझी भीति आणि तिची शांति यांत फरक इतकाच होता कीं, तिनें संकटाची तयारी पंधरा मिनिटें आधीं करून ठेविली होती.

यानंतरची परीक्षा औषधारंभापासून सहा तासांनीं, म्हणजे दोन प्रहरांनीं, व्हावयाची होती. मी बाहेरच्या लोखंडी बाकावर येऊन बसलों. शेजारीं त्या खलाशी मुलाची आजी जपमाळ ओढीत होती. मी मनांत विष्णुसहस्रनाम म्हणत होतों. मुलाच्या बापानें दोन पेले चहा आणला, त्यांतला एक न विचारतां माझ्या हातांत दिला. "पोरगा आतां झोपलाय, मास्तर. तुमच्या बाईंचं कसं?" मी मास्तर हें त्यास कसें कळलें असेल? बहुधा माझ्या ओरडण्यावरून. मी ओशाळलों. चहा मात्र घेतला, आणि तो फार बरा लागला.

मध्यरात्रीनंतर एका शेतमजुरास आणलें. त्यासहि फुरसेंच चावलें होतें, परंतु आदल्या दिवशीं. चोवीस तास मांत्रिकाकडे गेले होते. हिरड्यांतून रक्त येत होतें आणि लघवी बंद झाली होती. मूत्रपिंडें काम करीनाशीं झालीं होतीं. त्यास आंत डायलिसिसच्या कक्षाकडे नेलें. त्याची बायको दाराशीं भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे पाहतांना माझ्या मनांत प्रथम जुनाच विचार आला: अडाणी लोक! आणि लगेच दुसरा आला, ज्यानें मला झोंप लागूं दिली नाहीं. त्यांनीं मंत्र म्हणविला, मीं ग्रंथ उघडला. दोघांनींहि वेळच दवडला. त्यांचे चोवीस तास आणि माझा अर्धा तास, भेद प्रमाणाचा होता. शेजारच्या मुलानें माझी आज्ञा पाळली असती तर तोहि उरला नसता. सुश्रुतानें आपल्या काळीं जें पाहिलें तें लिहून ठेविलें, त्याचा दोष नाहीं. दीड-दोन हजार वर्षांनीं, उशाशीं फोन असतांना, तेवढेंच शेवटचें ज्ञान मानून बसणाराचा दोष आहे.

आपल्या देशांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें वर्षाला सरासरी ५८,००० माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशास दुर्लक्षित रोगांच्या अग्रक्रमाच्या यादींत घातलें, आणि २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्यासाठीं भारत सरकारनें २०२४ सालीं एक राष्ट्रीय योजना जाहीर केली. परंतु योजना दिल्लींत आणि साप परसांत. म्हणून घरोघरच्या मंडळींस एवढेंच सांगतों: दंश झाल्यास मनुष्यास धीर द्यावा, निजवून ठेवावें, चालूं देऊं नये. तो अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवीं सूज येण्यापूर्वींच काढावीं. दोरी आवळूं नये, चिरूं नये, चोखूं नये, बर्फ लावूं नये. साप मारण्यांत वा पकडण्यांत वेळ घालवूं नये. चावल्याची वेळ लिहून ठेवावी, आणि १०८ ला फोन करावा.

साडेतीन वाजतां पुन्हां रक्त काढलें. पुन्हां ती नळी घोडीवर उभी राहिली. या वेळीं मला आंत येऊन बसण्याची परवानगी मिळाली. कांटा वीस मिनिटें फिरला तेवढ्यांत बाहेर पावसाची पहिली सर आली आणि पत्र्यावर वाजूं लागली. डॉक्टरांनीं नळी उचलली, तिरपी केली, मग पार उलटी केली. रक्त तळाशीं घट्ट बसून राहिलें, हललें नाहीं. "जमलं," डॉक्टर म्हणाले. हा शब्द मीं वर्गांत हजारों वेळां उच्चारला असेन. मावशीनें सौभाग्यवतीस दोन घोट पाणी पाजलें. तिनें पहिलें वाक्य उच्चारलें तें असें: "चुडतं भिजली असतील हो."

पांच दिवसांनीं आम्ही घरीं आलों. सूज उतरण्यास तीन आठवडे लागले. निघण्यापूर्वीं मी त्या सिस्टरला भेटून, पहिल्या रात्रीं ओरडल्याबद्दल क्षमा मागण्यास गेलों. तिला तें आठवतहि नव्हतें. "सगळेच ओरडतात, काका," असें म्हणून ती दुसऱ्या खाटेकडे वळली. त्या शेतमजुराचें काय झालें, हें विचारण्याचें धैर्य मात्र मला झालें नाहीं.

कापलेलें जोडवें मी आळींतल्या सोनाराकडे नेलें. तो म्हणाला, "हें मोडींत घाला, नवें करून देतों, टांका दिसेल." सौभाग्यवतीस विचारलें. ती म्हणाली, "दिसूं दे." आतां संध्याकाळीं ती तुळशीपुढें दिवा लावते तेव्हां उजव्या पायांतील तो टांका स्पष्ट दिसतो. ग्रंथांच्या कपाटाच्या दारावर, आंतल्या बाजूस, मीं खडूनें १०८ हा आंकडा लिहून ठेविला आहे.